रेचके, उत्तेजक

बृहदांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या) भित्तीतील तंत्रिकाजाल उत्तेजित करून त्याचे क्रमसंकोच, म्हणजे मल पुढे ढकलणाऱ्या लाटेसारख्या हालचाली, वाढविणाऱ्या आणि त्याच वेळी मलातील पाण्याचे शोषण कमी करणाऱ्या औषधांना उत्तेजक रेचके म्हणतात. सोनामुखी, बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट व एरंडेल ही या गटातील परिचित औषधे होत. इसबगोल मलाचे आकारमान वाढविते. लॅक्ट्युलोज व पॉलिएथिलीन ग्लायकॉल ही आतड्यात पाणी धरून ठेवतात. उत्तेजक रेचके मात्र आतड्यासच कामास लावतात. त्यामुळे त्यांचा गुण लवकर दिसून येतो आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून सर्वांत अधिक वापरही त्यांचाच होतो.

सोनामुखी : (भुईतरवड; हिं. सनाय, लॅ. सेन्ना अलेक्झांड्रिना, कुल-फॅबेसी). या क्षुपाची वाळविलेली पाने व शेंगा औषधात वापरतात. अरबी वैद्यांनी हे औषध प्रचारात आणले व ‘सनाय’ हे नावही अरबीतूनच आले आहे. भारतात तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागात तिची लागवड पूर्वीपासून होत असून ‘टिनेव्हेली सेन्ना’ हे तिचे व्यापारी नाव त्या गावावरूनच पडले. महाराष्ट्रात माळरानांवर सर्वत्र आढळणाऱ्या तरवडाची पाने दिसण्यात काहीशी तशीच असल्याने त्यांची भेसळ होते. सोनामुखीतील रेचक द्रव्ये त्यांत नसतात.

सोनामुखीतील मुख्य कार्यकारी द्रव्ये म्हणजे सेनोसाइड ए व बी ही ग्लायकोसाइडे. आर्थर स्टोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये ती अलग केली. ही द्रव्ये स्वतः जवळजवळ निष्क्रिय असतात. लघ्वांत्रात त्यांचे शोषण होत नाही. बृहदांत्रात पोहोचल्यावर तेथील सूक्ष्मजंतू त्यांचे विघटन करतात आणि त्यातून तयार होणारे ऱ्हाइन अँथ्रोन हे द्रव्य रेचनकार्य करते. या प्रवासास वेळ लागत असल्यामुळे औषधाचा परिणाम सहा ते बारा तासांनी दिसतो. म्हणून ते रात्री निजण्यापूर्वी घ्यावयाचे असते. दोन तासांत काही झाले नाही म्हणून दुसरी मात्रा घेणाऱ्यास पहाटे दोन्ही मात्रांचा परिणाम एकदमच भोगावा लागतो.

इतर औषधे : बिसाकोडिल हे संश्लेषित (कृत्रिम रीत्या तयार केलेले) औषध १९५० नंतरच्या दशकात प्रचारात आले. जठरातील अम्लात विरघळणार नाही असे आवरण त्याच्या गोळीवर असते. दूध किंवा अम्लविरोधक औषधे यांमुळे हे आवरण अवेळी विरघळून पोटात मुरडा व जळजळ होते. रात्रीचे औषध गरम दुधाबरोबर घेण्याची आपल्याकडील सवय या गोळीच्या बाबतीत सोडावी लागते : गोळी पाण्याबरोबर अखंड गिळावी व तिच्या आधी आणि नंतर सुमारे एक तास दूध वर्ज्य करावे. गुदद्वारातून देण्याच्या बिसाकोडिलच्या वर्तीचा परिणाम मात्र १५ ते ६० मिनिटांत होतो.

एरंडेलातील रिसिनोलेइक अम्ल लघ्वांत्रातच सुटे होत असल्याने त्याचे कार्य दोन ते सहा तासांत व जोराने होते. मुलांना ठराविक दिवशी एरंडेल पाजण्याची चाल महाराष्ट्रात अनेक घरांत होती. निरोगी मुलास अशा नियमित रेचनाची गरज नसते. फिनॉल्फ्थॅलीन हे एके काळी फार खपणारे रेचक प्राण्यांवरील प्रयोगांत कर्ककारक ठरल्यामुळे अमेरिकेत १९९९ मध्ये विनाचिठ्ठी विक्रीच्या औषधांतून वगळण्यात आले.

वापर : दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंतचे मलविसर्जन प्राकृत समजले जाते. दररोज सकाळी पोट ‘साफ’ झालेच पाहिजे या समजुतीतून घेतले जाणारे रेचक बहुधा अनावश्यक असते. खरे बद्धकोष्ठ असल्यास प्रथम आहारातील चोथा व पाणी वाढवून पाहतात, मग इसबगोल वा पॉलिएथिलीन ग्लायकॉल देतात आणि त्यांनी भागले नाही तर उत्तेजक रेचकाकडे वळतात. प्रौढास रात्री बिसाकोडिल ५ ते १० मिग्रॅ. किंवा सेनोसाइडे सुमारे १५ मिग्रॅ. इतकी मात्रा आरंभी पुरते. स्वतःच्या विचाराने ती एक आठवड्याहून अधिक काळ घेऊ नये. अमेरिकेतील दोन पचनविकारतज्ञ संघटनांनी २०२३ मध्ये दिलेल्या शिफारशींत दीर्घकालीन बद्धकोष्ठासाठी बिसाकोडिल व सोडियम पिकोसल्फेट यांचा चार आठवड्यांपर्यंतचा किंवा प्रसंगोपात्त वापर मान्य केला आहे. अफूजन्य वेदनाशामकांमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठात ही रेचके वैद्यकीय देखरेखीखाली अधिक काळही दिली जातात.

या औषधांची सवय का लागते, हे पुष्कळदा त्यांच्या रासायनिक गुणांत नव्हे, तर रोग्याच्या गैरसमजात सापडते. एरवी शौचाच्या वेळी बृहदांत्राचा शेवटचा भाग तेवढा रिकामा होतो. जोरदार रेचनाने मात्र बराच मोठा भाग रिकामा होतो व तो पुन्हा भरण्यास दोन-तीन दिवस लागतात. या काळात शौचास होत नाही, कारण बाहेर टाकण्याजोगे काही नसते. रोगी यालाच बद्धकोष्ठाची पुनरावृत्ती समजतो व पुन्हा औषध घेतो. पहिल्याने भागेना म्हणून मात्रा वाढवितो आणि काही महिन्यांत रेचकावाचून शौचास होत नाही अशी त्याची खात्री पटते. रेचनानंतरचे दोन-तीन दिवस औषधावाचून जाऊ दिल्यास हे चक्र बहुधा सुरूच होत नाही. या रेचकांनी आतड्याच्या तंत्रिका कायमच्या निकामी होतात असे जुन्या ग्रंथांत म्हटलेले आढळते, परंतु नेहमीच्या मात्रांबाबत त्यास पुरेसा पुरावा मिळालेला नाही. सोनामुखीच्या दीर्घ वापराने बृहदांत्राच्या श्लेष्मकलेवर (आतील अस्तरावर) येणारी काळसर छटा निरुपद्रवी असून औषध बंद केल्यावर काही महिन्यांत नाहीशी होते. मूत्रास येणारा पिवळसर वा तांबूस रंगही औषधाचाच असतो.

धोके : खरा धोका अतिवापरातील द्रवनाशाचा व पोटॅशियम न्यूनतेचा आहे. स्नायूंचा अशक्तपणा, पायांत पेटके, छातीत धडधड ही तिची लक्षणे होत. मूत्रल औषधे, कॉर्टिकोस्टेरॉइडे किंवा हृदयविकारावरील डिजॉक्सिन घेणाऱ्यांत ती प्राणघातक ठरू शकते. ज्येष्ठमधाच्या अतिसेवनानेही पोटॅशियम घटते आणि स्वादिष्ट विरेचन चूर्णात सोनामुखी व ज्येष्ठमध एकत्रच असतात, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पंचसकार चूर्णात सनाय, सुंठ, शिवा (हिरडा), सौंफ व सैंधव असल्याने उच्च रक्तदाबाच्या रोग्यास त्यातील मिठाचाही विचार करावा लागतो. ‘चूर्ण’ म्हणून सौम्य समजून वर आणखी गोळी घेणे म्हणजे तेच औषध दुप्पट घेणे होय. वजन घटविण्यासाठी रेचके घेणेही व्यर्थ असते. अन्नाचे शोषण बव्हंशी लघ्वांत्रात आधीच झालेले असून घटते ते केवळ पाणी.

पोटात तीव्र दुखत असताना, विशेषतः उलट्या, ताप किंवा पोटफुगी असताना, रेचक मुळीच देऊ नये. आंत्रपुच्छशोथात किंवा आंत्ररोधात रेचनाने आतडे फुटण्याचा संभव असतो व ‘पोटदुखीवर जुलाब’ या घरगुती उपायाने असे अनर्थ घडतात. आतड्याचा दाहक विकार व निर्जलीभवन यांतही ही रेचके निषिद्ध आहेत. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना ती वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावीत. गर्भारपणात एरंडेल टाळतात. मलातून रक्त जाणे, वजन घटणे, पांडुरोग किंवा पन्नाशीनंतर मलविसर्जनाच्या सवयीत अकस्मात झालेला बदल आढळल्यास रेचकाऐवजी बृहदांत्राची तपासणी करतात. लोहाच्या गोळ्या, व्हेरापामिलसारखी रक्तदाबावरील काही औषधे व अवटू ग्रंथीची न्यूनक्रिया हीदेखील बद्धकोष्ठाची कारणे असतात व तेथे मूळ कारणावरच उपचार करावे लागतात.