कुत्र्याला शिकवू या, पोरांना जपू या



मागच्या उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर कुत्र्यांना रेबीजची लस टोचायला डॉक्टर आले होते. दोरी बघताच निम्मी कुत्री रानात पळाली. उरलेली घरामागे जाऊन गुरगुरत बसली. बरीचशी लस तशीच परत गेली. एका ताईने विचारलं, "आपल्याच भाकरीवर वाढलेली कुत्री, मग आपल्या हाताला का येत नाहीत?" कारण साधं आहे. भाकर टाकायची आणि हाड् हाड् करायचं, एवढाच आपला त्यांच्याशी व्यवहार. शिकवलं काहीच नाही.

म्हणून आज कुत्र्यांच्या एका खेळाबद्दल बोलू या. त्याला अजिलिटी म्हणतात, म्हणजे चपळाई. इंग्लंडमध्ये १९७८ साली 'क्रफ्ट्स' या प्रदर्शनात तो पहिल्यांदा दाखवला. घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून तो सुचला होता. कुत्रं आडव्या दांडीवरून उडी मारतं, बोगद्यातून जातं, उभ्या काठ्यांमधून नागमोडी पळतं. गळ्यात दोरी नसते आणि शिकवणाऱ्याने हातही लावायचा नसतो. फक्त बोलायचं आणि खूण करायची. आपल्याला बक्षीस नको आहे. पण दोरीशिवाय ऐकणारं कुत्रं मात्र हवं आहे. त्याला महागडं जातिवंत कुत्रं लागत नाही. आपलं गावठी कुत्रंही शिकतं.

सुरुवात उडीपासून करायची नाही, नावापासून करायची. भाकरीचे नखाएवढे तुकडे हातात घ्या. नाव घ्या. त्याने बघितलं की लगेच "शाब्बास" म्हणा आणि तुकडा द्या. उशीर केलात तर तुकडा कशाचा मिळाला हे त्याला कळत नाही. मग "ये" शिकवा. "ये" म्हणून बोलावलं आणि काठी घातली, असं कधीच करू नका. एकदा फसलेलं कुत्रं पुन्हा जवळ येत नाही. नंतर "बस". तुकडा नाकावरून हळूच मागे न्या, कुत्रं आपोआप बसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा धडा. रोज त्याच्या कानाला, पाठीला, पायाला हात लावा आणि तुकडा द्या. गळ्यात सैल दोरी घाला, तुकडा द्या, दोरी काढा. दोरीची भीती गेली की सुई टोचताना कुत्रं पळत नाही. मात्र आधीच चावणाऱ्या कुत्र्यावर हा प्रयोग करू नका. त्याच्याबद्दल पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

एवढं जमलं की खेळ. बांबू जमिनीवर ठेवा आणि त्यावरून चालवा. मग दोन्ही टोकांखाली वीट ठेवा. वर्षाच्या आतल्या पिल्लाला उंच उडी नको, त्याची हाडं अजून कोवळी असतात. बाजेवरून दोन्ही बाजूंना गोधडी सोडली की बोगदा तयार. एकीने कुत्र्याला धरायचं, दुसरीने पलीकडून हाक मारायची. घाबरलं तर ओढू नका. सकाळी किंवा संध्याकाळी पाच मिनिटं पुरेत. उन्हात नको, भरल्या पोटी नको. पोरांना खेळू द्या, पण मोठं माणूस जवळ हवं. कुत्रं खात असताना किंवा कुत्री पिल्लांजवळ असताना पोरांना लांब ठेवा.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या. पुढे डॉक्टर सांगतील तसा दुसरा डोस आणि दरवर्षी लस. तरीही कुत्रं चावलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चुना, मिरची, तेल काही लावू नका. मंत्रावर थांबू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात किंवा जव्हारच्या कुटीर रुग्णालयात जा आणि इंजेक्शनचे सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. वेळेवर इंजेक्शन घेतलं तर वाचतो.

आणखी एक गोष्ट. दिवाळीनंतर आपली कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात. कुत्री मागे राहतात, उपाशी फिरतात, कोंबड्यांवर आणि शेळ्यांवर जातात. म्हणून "ये" शिकवताना शेजारणीच्या हाकेलाही यायला शिकवा. तुम्ही बाहेर असताना ती त्याला भाकर घालेल आणि लसीच्या दिवशी धरूनही ठेवेल.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्याआधीच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान काढा. कोणाचं कुत्रं, लस कधी दिली, घर बंद असताना सांभाळणार कोण, हे लिहा. बचतीचा हिशोब आपण चुकवत नाही. हाही चुकवू नका.