दोन वर्षांची कृषी पदविका कशासाठी?

दहावीनंतर मराठीतून दोन वर्षांत कृषी पदविका देणारी कृषी तंत्र विद्यालये राज्यातील चार कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत आली. त्यांना ‘पदवी हुकलेल्यांची सोय’ समजणे अन्यायाचे आहे. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा उणीव केवळ संशोधनाची नव्हती. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अतिजहाल विष, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि हिरवा. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारायचे नाही. दोन औषधे मनाने एका पंपात मिसळायची नाहीत. हे ज्ञान होतेच. ते पाठीवर पंप घेतलेल्या मजुरापर्यंत त्याच्या बोलीत नेणारी माणसे कमी पडली, आणि ती घडवणे हेच या विद्यालयांचे खरे काम.

शिकलेली मुले पदवीकडे किंवा शहराकडे वळतात, गावाला काय उरते, हा आक्षेप खोटा नाही. पण कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला आता शैक्षणिक पात्रता लागते आणि कृषी पदविका त्या अटीत बसते. बहुतेक शेतकरी कीड दिसताच पहिला सल्ला कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावरच विचारतात. तिथे प्रशिक्षित मुलगा किंवा मुलगी बसली, तर अख्ख्या पंचक्रोशीची फवारणी सुधारू शकते. म्हणून प्रात्यक्षिकाचे तास कागदावर उरकणारी विद्यालये मला सर्वांत घातक वाटतात.