थंडीने निवडलेलं बी

पाणी असेल तर आपल्याकडे लसूणघास बाराही महिने कापता येतो. महिन्याभरात पुन्हा गुडघ्याला लागतो, आणि हिवाळा म्हणजे तर त्याची चंगळ. अमेरिकेतल्या मिनेसोटात हाच हिवाळा त्याच्या जिवावर उठतो. तिथे पारा कधीकधी शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरतो.

१८५७ मध्ये वेंडेलिन ग्रिम हा शेतकरी जर्मनीतल्या बाडेनहून बायकामुलांसह तिथल्या कार्व्हर काउंटीत आला. सामानात या घासाचं पंधरा-वीस पौंड बी होतं. त्याच्या मुलखात याला ‘कायमचा क्लोव्हर’ म्हणत. कायमचा कसला! सुरुवातीच्या हिवाळ्यांत बरीच रोपं मेली. ग्रिमने जगलेल्यांचं बी धरलं, तेच पेरलं. पुन्हा काही मेली, पुन्हा उरलेल्यांचं बी. असं वर्षानुवर्षं. आपण नवं वाण घडवतोय, हे बहुधा त्याच्या गावीही नसावं. तो १८९० मध्ये वारला. संशोधकांचं लक्ष या पिकाकडे वळलं ते त्यानंतर दहाएक वर्षांनी.

त्याच्या शेतात जांभळ्या फुलांसोबत इतर छटांचीही फुलं दिसत. हा घास पिवळ्या फुलांच्या, थंडीला काटक अशा भाऊबंदाशी संकर झालेला होता. म्हणजे काटकपणा बियाण्यात थोडाफार होताच. थंडीने तो चाळून काढला.

रोप तगतं कसं? दिवस लहान होऊ लागले की ते वाढ आवरतं घेतं आणि मुळांत साठवलेल्या स्टार्चची साखर करू लागतं. बर्फ आधी पेशींच्या मधल्या फटींत धरतो आणि आतलं पाणी बाहेर ओढतो. गोठून मेलेलं रोप खरं तर बरेचदा सुकून मेलेलं असतं! साखर हे पाणी धरून ठेवते. म्हणूनच शरदात उशिरा केलेली कापणी महागात पडते: साठवणीच्या दिवसांत रोप नवी पालवी फोडण्यात शिल्लक उडवून बसतं.

भुसभुशीत हिमाचा थर मात्र गोधडीसारखा उबदार. घात करते ती उघडी, ओली जमीन. ती गोठते, फुगते, वितळते आणि दर खेपेला मूळ थोडंथोडं वर उचलते. वसंतात अशा शेतात गेलं तर रोपांची मुंडकी जमिनीबाहेर आलेली दिसतात. हाताने ओढलं की तुटकं सोटमूळ हातात येतं.

शरदात कापणीनंतर वाण किती जोमाने फुटतं, त्यावरून त्याला १ ते ११ असा अंक देतात. १ म्हणजे लवकर झोपणारं, ११ म्हणजे वाढतच राहणारं. ११ अंकाचं बी मिनेसोटात पेरलं, तर पुढच्या वसंतात ते शेत नांगरूनच टाकावं लागेल.