पहिली स्की निवडताना: पायाचं हाड, गुडघा आणि एक जुना अभ्यास

बुलढाण्यात बर्फ नाही, पण मलकापूर नाहीतर शेगावला गाडी धरली की स्की शिकायला उत्तरेत जाता येतं. औलीला गढवाल मंडल विकास निगम आणि गुलमर्गला भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था नवशिक्यांचे कोर्स घेतात. मग पहिली स्की कोणती घ्यावी? माझं मत सरळ आहे: कोणतीच विकत घेऊ नये. कोर्समध्ये मिळते ती किंवा भाड्याची वापरावी. मात्र हातात येईल ती नीट तपासून घ्यावी.

लांबी आधी बघा. उभी धरली तर नवशिक्याची स्की साधारण हनुवटी ते नाकापर्यंत यावी. लांब स्की वेगात सरळ आणि स्थिर जाते, पण वळवायला जड. राजूर घाट उतरताना गाडी पळवायला नव्हे, वळवायला यावी लागते, इथेही तेच. लवचीकपणा बेताचा नरम हवा, म्हणजे कमी वेगातही स्की वाकते आणि वळते. बूट घट्ट हवा, आत टाच उचलली जाता कामा नये. मोठ्या भावाच्या सायकलवर हाफ पायडल शिकलेल्यांना ‘मोठं घेऊन ठेवू, पुढे होईल’ असं वाटतं. बुटाच्या बाबतीत ते चालत नाही.

पण खरा प्रश्न बाइंडिंगचा आहे. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारी कळ. पडताना ठरावीक जोर आला की तिने बूट सोडायचा असतो. सैल असेल तर चालता चालता सुटते, घट्ट असेल तर सुटतच नाही आणि पाय पिरगळतो. म्हणून तिचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती जोरात स्की करता यावरून ठरवतात.

इथे संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी एक फार चांगलं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रॉबर्ट जॉन्सन, कार्ल एटलिंगर आणि जॅस्पर शीली यांनी 1972 पासून एकाच डोंगरावरच्या स्की-दुखापती वर्षानुवर्षं नोंदवल्या. त्यांनी फक्त जखमी लोक मोजले नाहीत. दुखापत न झालेले, धडधाकट लोकही घेतले आणि दोघांची बाइंडिंग तपासली. पेटच्या मुलाखतीत ‘तुलना गट कशाला?’ असं विचारलं तर हे सांगा. जखमींची बाइंडिंग घट्ट निघाली म्हणून काय सिद्ध होतं? धडधाकट लोकांचीही तितकीच घट्ट असतील तर काहीच नाही. शिवाय ते नुसती दुखापतींची संख्या सांगत नसत. लोकांनी मिळून किती दिवस स्की केली, त्या दिवसांनी भागत. छेद नसलेला आकडा मला तरी कधी पटत नाही.

त्यातून दिसलं काय? बाइंडिंग सुधारत गेली तशा गुडघ्याखालच्या हाडाच्या दुखापती खूपच कमी झाल्या. पण गुडघ्याच्या आतल्या एसीएल या बंधाच्या गंभीर दुखापती त्याच काळात वाढल्या. कारण बाइंडिंग मुळात नडगीचं हाड वाचवायला बनवलेली. पुढचा भाग पाय पिरगळला की सुटतो, मागचा टाच वर ओढली गेली की. माणूस मागे बसल्यासारखा पडला की गुडघा खोल वाकतो आणि स्कीचं मागचं टोक बर्फात रुतून उलट्या दिशेच्या पावलासारखं गुडघा पिळतं. हा पीळ बाइंडिंगला धड कळतच नाही. म्हणजे मोजमाप बरोबर होतं, पण ते दुसऱ्याच दुखापतीसाठी होतं.

मग 1995 साली त्यांनी वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्की-केंद्रांतल्या प्रशिक्षकांना आणि बचाव-पथकांना अशा पडण्याच्या चित्रफिती दाखवून काय टाळायचं ते शिकवलं. त्यांच्यातल्या गंभीर गुडघेदुखापती आधीच्या दोन हंगामांपेक्षा 62 टक्क्यांनी घटल्या. न शिकवलेल्या केंद्रांत घट नव्हती. मात्र हे सगळे मुरलेले लोक होते, नवशिके नव्हेत. तोच आकडा आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही.

तरी त्यातल्या सूचना फुकट आहेत. स्की घेताना वजन खरं सांगा आणि ‘मला येतं’ अशी फुशारकी मारू नका, कारण त्यावरून बाइंडिंग घट्ट केली जाते. पडलात तर पाय ताठ करू नका, आणि घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न करू नका.