संगणक पंख्याची प्रकाशयोजना
संगणक पंख्याची प्रकाशयोजना म्हणजे संगणकाच्या कॅबिनेटमधील पंख्याला एलईडी किंवा प्रकाशीय तंतू जोडून तो उजळवणे होय. पंख्याला सामान्यतः १२ व्होल्ट विभवांतर मिळते, तर निळ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट पुरतात. उरलेले ९ व्होल्ट रोधकावर विभागले जावे लागतात. धारा २० मिलिअँपिअर ठेवण्यासाठी ओहमच्या नियमानुसार ४५० ओहम रोध लागतो. त्याकरिता सहज मिळणारा ४७० ओहमचा रोधक वापरतात. रोधक न जोडल्यास एलईडी जळतो.

प्रकाशीय तंतूत प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुढे जातो. त्यामुळे एलईडी कोपऱ्यात बसवून तंतू चौकटीभोवती फिरवता येतो. तंतूचा पृष्ठभाग खरवडल्यास तेथून प्रकाश बाहेर पडतो. पात्यांवर काही चिकटवल्यास तोल बिघडून कंपने वाढतात व बेअरिंग झिजते. म्हणून जोडणी स्थिर चौकटीवरच करतात.