पूल खडकीचा, सांधा अवकाशातला

खडकीत लष्कराच्या बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. बेली पूल बांधणं हे या अभियंता जवानांचं हुकमी काम. पोलादी पॅनेल तीन मीटर लांब, वजन सुमारे २६० किलो. सहा जण ते उचलतात, भोकाला भोक जुळवतात आणि पिन ठोकतात. वेल्डिंग नाही, क्रेनही लागतेच असं नाही. पूल अलीकडच्या काठावर जोडत जायचा आणि रोलरवरून पलीकडे सरकवायचा. मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकावर २०१८ साली लष्करानं उभारलेला पादचारी पूल याच घराण्यातला.

पॅनेलचं माप नदीनं ठरवलेलं नाही. ते ट्रकनं आणि माणसांच्या खांद्यांनी ठरवलं.

अवकाश स्थानकाचंही तसंच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा आडवा कणा १०९ मीटरचा. पण स्पेस शटलच्या मालकक्षाचा व्यास होता जेमतेम ४.६ मीटर. म्हणून कणा तुकड्यातुकड्यांनी वर गेला, २००० ते २००९ अशी नऊ वर्षं. खरी कसोटी सांध्यांची. तिथे हातोडा चालत नाही. घाव घालणाराच उलट दिशेला ढकलला जातो. त्यामुळे अंतराळवीर आधी पाय अडकवतो आणि मगच बॅटरीवरचं यंत्र बोल्टला लावतो. राहत्या खोल्या जोडताना मोटरवर फिरणारे सोळा बोल्ट आवळले जातात आणि मधल्या रबरी कड्या दाबल्या जातात. पुलाच्या सांध्यात किंचित फट राहिली तरी खपते. इथे केसाएवढी राहिली तरी हवा निसटते.

भारतानं सांध्याचा हा धडा ‘स्पेडेक्स’ या अवकाशातल्या जोडणीच्या प्रयोगात गिरवला. प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह तासाला २७ हजार किलोमीटरच्या वेगानं धावत होते, पण एकमेकांशी भिडायचं ते सेकंदाला जेमतेम १० मिलिमीटरनं. १२ जानेवारी २०२५ रोजी ते तीन मीटरवर आणून पुन्हा मागे घेतले. ही सावधगिरी शहाणपणाचीच होती. १६ तारखेला जोडणी झाली, पुढे एकातून दुसऱ्यात वीजही गेली.

नियोजित भारतीय अंतरिक्ष स्थानकाचे पाच भाग असतील. पहिला २०२८ मध्ये पाठवायचा, पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत उभारायचं. स्पेडेक्सचा सांधा ४५० मिलिमीटरचा होता. माणसांच्या मोहिमांसाठी तो ८०० मिलिमीटरचा लागेल, आणि त्यातून वीजच नव्हे, माणूसही आरपार जाईल.