वारीचा शेवट

‘एकदां पायीं पंढरीस जाऊन यावें,’ असें म्हणणारें एक तरी माणूस बहुतेक घरांत असतेंच. निघणारें मात्र क्वचित्. एक वकील, एक शाळामास्तर, एक डॉक्टर व प्रस्तुत लेखक असे आम्ही चौघे स्नेही वीस वर्षें असें म्हणत आलों, आणि अखेरीस एका ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर खरोखरीच निघालों. दिवेघाट, जेजुरी, नीरास्नान, फलटण, माळशिरस यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. म्हणून तीं येथें न करितां, सुमारें अडीचशें किलोमीटर चालून गेल्यावर शेवटच्या दोन-तीन दिवसांत जें घडलें तेवढेंच सांगावयाचें आहे.

आषाढ शुद्ध नवमीस बाजीरावाच्या विहिरीजवळ रिंगण होऊन पालखी वाखरीच्या तळावर उतरली. देहूची तुकोबांची, पैठणची एकनाथांची, त्र्यंबकेश्वराची निवृत्तिनाथांची, सासवडची सोपानदेवांची, अशा अनेक पालख्या पंढरीच्या वेशीशीं येथेंच एकत्र होतात. सारा तळ टाळमृदंगांनीं दुमदुमत होता. आणि आम्ही मात्र तंबूंत बसून भांडत होतों! वाटेंत चिखल, पाऊस, पायांचे फोड सोसतांना जो शब्द निघाला नाहीं, तो मुक्काम नजरेंत येतांच निघाला. वकिलांचें म्हणणें असें कीं, पदस्पर्शाच्या रांगेंत दिवसरात्र उभें राहण्यापेक्षां कळसाचें दर्शन घ्यावें आणि एकादशीस संध्याकाळींच गाडी धरावी. मास्तर म्हणाले, “इतकें चालून दारांतूनच परतावयाचें असेल, तर घरींच तसबिरीस नमस्कार केला असता!” शब्दानें शब्द वाढला.

डॉक्टर इतका वेळ गप्प होते. त्यांनीं पिशवींतून एक जुनी तुळशीची माळ काढून आमच्यापुढें ठेविली. ती त्यांच्या मातोश्रींची. त्यांची वारी कित्येक वर्षें अखंड चालली होती. २०२० सालीं साथीमुळें पायीं वारी झाली नाहीं, पादुका एस्. टी.च्या गाडीनें पंढरपुरास नेण्यांत आल्या. २०२१ सालींहि तसेंच झालें. “त्या दोन वर्षांत ‘आई, घरांतून बाहेर पडूं नकोस,’ असें सांगणारा मीच,” डॉक्टर म्हणाले. “डॉक्टर म्हणून मी चुकलों नाहीं. पण २०२२ची वारी निघावयाच्या आधींच ती गेली. ही माळ विठोबाच्या पायांवर ठेवावी आणि तिची वारी पुरी करावी, एवढ्यासाठींच मी आलों.”

यावर वकील कांहींच बोलले नाहींत. रांगेंत उभें राहण्याचें ठरलें.

एकादशीस पहांटे चंद्रभागेचें स्नान करून आम्ही वाळवंटांतून वर येत होतों. तेथें आमच्या दिंडींतील परभणीकडची एक वृद्ध शेतकरीण लुगडें वाळवीत बसली होती. मुद्रेवर कसलीहि घाई नव्हती. “आजी, रांगेला नाहीं का यावयाचें?” असें विचारतां ती म्हणाली, “दर्सन झालं की! कळस बघितला, नामदेवाच्या पायरीला डोस्कं टेकलं. आता पुनवेचा काला झाला की माउलीसंगं माघारी.” डॉक्टरांनीं तिला माळ दाखवून आपला हेतु सांगितला. तिनें ती हातांत घेतली, कपाळाला लावली व परत दिली.

“माळ ठिवून द्यायची नसती, लेकरा, घालायची असती. तुझ्या आईची वारी देवापाशी न्हाई राहिली. तुझ्या घरापाशी राहिलीया.”

आम्ही निरुत्तर झालों. वारकरी संप्रदायांत माळ गळ्यांत घालणें म्हणजे वारीचें व्रत पत्करणें होय, हें आम्हांस पुस्तकांवरून ठाऊक होतें. पण त्याचा अर्थ त्या वाळवंटांत उमगला. वारी म्हणजे पुनःपुन्हां जाणें-येणें. पौर्णिमेस गोपाळपुरीं काला झाला कीं पालखी परत फिरते व मुक्काम करीत आळंदीस पोहोंचते. त्या परतीच्या वाटेवर छायाचित्रें घेणारे नसतात आणि माणसेंहि थोडींच असतात. आमच्या लेखीं जो प्रवासाचा शेवट, तें वारकऱ्याच्या हिशेबीं अर्ध्या वाटेचें ठिकाण. साताऱ्याकडील आरफळचे हैबतबाबा हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरीं होते. एकोणिसाव्या शतकांत त्यांनीं या सोहळ्यास शिस्त लावून दिली, ती एका वर्षाच्या थाटासाठीं नव्हे. मनुष्य जातें, परंतु दिंडींतील त्याची जागा रिकामी राहूं नये, हें त्या शिस्तीचें खरें बळ आहे.

आम्ही रांगेंत उभे राहिलों आणि दुसऱ्या दिवशीं पायांशीं पोहोंचलों. डोकें टेकावें न टेकावें तोंच पुढें सरकावें लागलें. डॉक्टरांनीं माळ विठोबाच्या पायांस लावली. ठेविली मात्र नाहीं. मुठींत घट्ट धरून ते बाहेर आले. ती त्यांनीं गळ्यांत घातली, असें सांगतां आलें असतें तर लेख अधिक गोड झाला असता. पण तसें घडलें नाहीं. त्यांनीं ती खिशांत ठेविली.

त्याच संध्याकाळीं आम्ही चौघे गाडींत बसलों. पौर्णिमेपर्यंत थांबण्याइतकी रजा कोणापाशींहि नव्हती. खिडकींतून कळस दिसेनासा झाला, तेव्हां डॉक्टरांनीं हळूच विचारलें, “पुढल्या वर्षीं ज्येष्ठ वद्य अष्टमी कोणत्या वारीं येते हो?”

गाडी धरण्याची सर्वांत अधिक घाई ज्यांस होती, त्या वकिलांनींच खिशांतून चष्मा काढला आणि मोबाइलवर पंचांग पाहावयास सुरुवात केली.